ओपनएलडीएपीचं सिंकरेपल: चार वर्षं वापरून झाल्यावर

आमच्या कॉलेजच्या दोन इमारती, मधे रस्ता. मुख्य सर्व्हर जुन्या इमारतीत, त्याची प्रत ठेवणारा सर्व्हर, म्हणजे रेप्लिका, नव्या लॅबमध्ये. दोन्ही मीच सांभाळते. विद्यार्थ्यांची लॉगिनची खाती आधी एनआयएस या जुन्या व्यवस्थेवर होती, चार वर्षांपूर्वी ओपनएलडीएपी या डिरेक्टरी सर्व्हरवर आणली. रेप्लिका मुख्य सर्व्हरशी जुळती ठेवायची त्याची सोय म्हणजे सिंकरेपल. ती का आणली, ते आधी सांगते.

एनआयएसमध्ये पासवर्ड बदलला की मुख्य सर्व्हरवर 'मेक' ही आज्ञा चालवायची. मग वायपीपुश ही आज्ञा रेप्लिकाला निरोप देते आणि रेप्लिका वायपीएक्सएफआर या आज्ञेने अख्खा मॅप, म्हणजे खात्यांचा तक्ता, ओढून घेते. एका मुलीचा पासवर्ड बदलला तरी मॅप अख्खाच. त्याचं मला काही नव्हतं. पण निरोप जातो त्या वेळी रेप्लिका बंद असली, की तो बदल राहूनच जायचा. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, वायपीएक्सएफआर दिवसातून एकदाच लावलेलं, तेही रात्री. एका संध्याकाळी नव्या इमारतीची वीज गेली, यूपीएसनेही दम टाकला. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा, आणि आदल्या संध्याकाळी पासवर्ड बदललेल्या मुलीला लॅबमध्ये लॉगिनच होईना. तिचे भरून आलेले डोळे मी विसरलेले नाही.

सिंकरेपलमध्ये कामाची दिशाच उलटी आहे. रेप्लिका स्वतः मुख्य सर्व्हरला जोडून घेते आणि 'माझ्याकडे इथपर्यंत आलंय' अशी खूण दाखवते. सर्व्हर त्यानंतरचं तेवढं देतो. 'रिफ्रेश-अँड-पर्सिस्ट' ठेवलं तर जोडणी उघडीच राहते आणि बदल झाल्या झाल्या पोचतो. जोडणी तुटली तर दर ६० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न कर, थांबू नकोस, असं मी सांगून ठेवलंय. भरवसा ठेवण्याआधी रेप्लिकाची केबल काढली, तीन चाचणी-खात्यांचे पासवर्ड बदलले, एक खातं काढून टाकलं आणि अर्ध्या तासाने केबल लावली. मिनिटभरात सगळं जुळलं, काढलेलं खातंसुद्धा गेलं. मला सर्वांत जास्त समाधान त्याचंच, कारण कॉलेज सोडून गेलेल्याचं खातं एका इमारतीत बंद आणि दुसऱ्या इमारतीत चालू, हे फार वाईट.

आता त्रास. पहिल्या दिवशी रेप्लिकावर नेमक्या ५०० नोंदी आल्या आणि गाडी अडली. आमची खाती दोन हजारांच्या घरात. दोन संध्याकाळी मी नेटवर्कला दोष देत बसले. कारण साधं होतं: एका शोधात ५०० नोंदी, ही सर्व्हरची मूळ मर्यादा, आणि रेप्लिका ज्या खात्याने मुख्य सर्व्हरला जोडून घेते, त्या रेप्लिकेशनच्या खात्यालाही ती लागते. त्या खात्यापुरती मर्यादा काढावी लागते. त्याच खात्याला पासवर्डचं फील्ड वाचायची परवानगीही द्या, नाहीतर नोंदी येतात पण लॉगिन होत नाही. लॉगमध्ये 'साइज लिमिट एक्सीडेड' अशी ओळ होती, ती माझ्या नजरेतून सुटली. पण सुरुवातीच्या मांडणीच्या मार्गदर्शकातच हे ठळक छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं. शिवाय स्कीमा, म्हणजे नोंदीत कोणती फील्ड असू शकतात याचे नियम, दोन्हीकडे सारखा आहे ना, तेही तुम्हालाच पाहावं लागतं.

साधं सिंकरेपल एक फील्ड बदललं तरी ती नोंद पूर्ण पाठवतं. हजारो सदस्यांचे ग्रुप असतील तर फक्त बदललेला भाग पाठवणारं डेल्टा-सिंकरेपल बघा. आम्हाला गरज पडली नाही.

रोज सकाळी साडेसातला दोन्ही सर्व्हरचा कॉन्टेक्स्ट-सीएसएन, म्हणजे शेवटच्या बदलाचा शिक्का, माझी छोटी स्क्रिप्ट ताडून बघते. वेगळा दिसला तर मला मेसेज येतो. परीक्षेच्या दिवसांत तीच स्क्रिप्ट मी दर दहा मिनिटांनी चालवते.