नमुन्यांचं खोकं: वस्तू सात, धंद्याला लावण्याजोग्या दोन

भाच्याला परदेशातून कारच्या ॲक्सेसरीज मागवून विकायच्या आहेत. एका ट्रेडिंग कंपनीकडून त्याने नमुन्यांचं खोकं मागवलं आणि "मामा, तुमचा जन्म खरेदी खात्यात गेला, यातलं काय चालेल ते सांगा" म्हणून माझ्याकडे आणून टाकलं. मालाचा दर्जा मी पाहिलाच, पण खरा प्रश्न वेगळा होता: विकलेली वस्तू परत येईल का, आणि आलीच तर ती कोणाच्या गळ्यात पडेल?

पॅकिंग झकास. आतला माल एका तोलाचा नाही.

सगळ्यात देखण्या निघाल्या त्या पायाखालच्या चटया. टीपीई (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) मटेरियल, वास नाही, कडा उंच, पाणी सांडलं तरी बाहेर जात नाही. भाचा त्यांच्यावरच लट्टू होता. मी टेप लावली: खोकं 80 बाय 60 बाय 10 सेंटिमीटर. काट्यावर वजन साडेचार किलो. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून 5000ने भागतात, म्हणजे भाडं 9.6 किलोचं. जहाजाने आणायचं तर एका घनमीटरात जेमतेम 20 संच. थोडक्यात, हवेचं भाडं भरायचं. शिवाय चटई मॉडेलगणिक वेगळी, त्यातही स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे यावर साचा बदलतो. कारखाना प्रत्येक साच्यामागे किमान ऑर्डर मागतो. दहा मॉडेलं ठेवली की दोन पळतात, आठ गोदामात झोपतात. आणि चालकाच्या बाजूची चटई सरकून पेडलखाली गेली तर प्रकरण जिवावर बेततं. 2009मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला होता, तो चटईत ॲक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळेच. या नमुन्यात खालच्या हुकाला बसणारी भोकं होती, पण एक भोक हुकाच्या बरंच पुढे पाडलेलं. चटई बाद.

सीट कव्हरबद्दल मी जास्त कडक आहे, आणि राहणार. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या कुशीत असते आणि फुगताना तिथली शिवण फाडून बाहेर येते. म्हणून कव्हरची त्या जागची शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची ठेवावी लागते. नमुन्यावर ऐटीत लेबल होतं, 'एअरबॅगला चालेल'. मी उसवणी घेऊन बसलो. लेबलाशेजारची शिवण आणि मागच्या खिशाची शिवण, दोरा तोच जाड नायलॉनचा, टाकाही तेवढाच बारीक. म्हणजे लेबल शिवलं, काम केलंच नाही. चाचणीचा अहवाल मागितला तर कापड किती टिकाऊ आहे त्याचा आला. अशा मालावर आयातदार म्हणून स्वतःचं नाव छापायला छाती हवी. मला तरी नाही.

हेडलॅम्पच्या एच7 मापाच्या एलईडी बल्बांचं फार बोलत नाही. हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी घातला की झोताची वरची रेघ विस्कटते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. भिंतीसमोर गाडी लावून दहा मिनिटांत दिसलं. मागच्या पंख्यामुळे हेडलॅम्पचं रबरी झाकणही लागेना. वर्तुळातलं 'ई' चिन्ह, म्हणजे वाहनांच्या भागांना मिळणाऱ्या मंजुरीची खूण, पुठ्ठ्यावर मोठं छापलेलं, बल्बवर मात्र ना चिन्ह ना मंजुरी क्रमांक.

टायरचा दाब दाखवणाऱ्या सेन्सरचा संच चालला. पण तो रेडिओ लहरींवर बोलतो: कुठे 315 मेगाहर्ट्‌झ, कुठे 433. आपल्या बाजारात कोणती लहर चालते आणि तिची मंजुरी कोण देतं हे आधी पाहायचं, ऑर्डर मग. फोन होल्डर सगळ्यांना बसतो, म्हणून सगळेच विकतात. त्यात आपण कशाला?

आता दोन चांगल्या. हवा भरायचा छोटा पंप 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालतो, कुठल्याही गाडीला चालतो, खोकं लहान. गेज दोन पीएसआय जास्त दाखवतो, ते सुधारून घेता येईल. दुसरा डॅशकॅम, म्हणजे काचेमागून रस्ता टिपणारा कॅमेरा. याचे दोन प्रकार आले होते, एकात लिथियम बॅटरी, दुसऱ्यात सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग). दोन्ही भर उन्हात काचेमागे ठेवले. बॅटरीवाल्याची पाठ इतकी फुगली की झाकणाच्या फटीत नख जाऊ लागलं. दुसऱ्याला काही झालं नाही. लिथियमवाल्याला वाहतुकीसाठी यूएन 38.3 या बॅटरी-सुरक्षेच्या चाचणीचा अहवालही लागतो, तो व्यापही कपॅसिटरवाल्यात टळतो. भावात फरक किरकोळ. भाच्याला म्हटलं, डोळे झाकून हाच घे, पण कागद डोळे उघडून वाच.

कारण कागदातच गोम आहे. 'कार ॲक्सेसरीज' नावाचा एकच खाना कस्टममध्ये नसतो. कॅमेरा 8525 या कस्टम क्रमांकाखाली, बाकीचा माल आपापल्या क्रमांकाखाली; पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे देशागणिक. बहुतेक देशांत शुल्क नुसत्या कारखान्याच्या भावावर नसतं, भाडं आणि विमा मिळवून येणाऱ्या किमतीवर असतं. भाच्याच्या हिशेबात हा मजकूरच नव्हता. तसंच त्रयस्थ तपासणीचं. 1000 नगांच्या लॉटमधून तपासणीच्या नेहमीच्या पातळीला 80 नग काढतात आणि मोठ्या दोषांसाठी 2.5 ही स्वीकार्य मर्यादा (एक्यूएल) ठरली असेल तर पाच मोठे दोष निघाले तरी लॉट पास! तेव्हा परतीच्या मालाची तरतूद किमतीत आधीच धरावी लागते.

खोक्यात प्रेमाने दिलेली भेटही होती: नामांकित कार कंपन्यांचे लोगो असलेल्या टायरच्या व्हॉल्व्हच्या टोप्या. असल्या चार टोप्या पुढच्या मालात निघाल्या तर नकली ब्रँडखाली अख्खा माल अडकू शकतो. यापुढे भेट नको असं लेखी कळवायला लावलं.

कंपनीच्या सेवेबद्दल: उत्तरं झटपट, भाषा गोड, पैसे 30 टक्के आगाऊ आणि उरलेले माल निघण्याआधी. खराब नग बदलून देतात, पण पुढच्या ऑर्डरबरोबर. म्हणजे भरपाई हवी तर पुन्हा खरेदी करा. ही अट बदलून पुढच्या बिलातून वजावट द्या असं म्हटल्यावर गोडवा थोडा उतरला. डॅशकॅमच्या चाचणी अहवालावर मॉडेलचा क्रमांकही दुसराच आहे. योग्य क्रमांकाचा अहवाल आल्याशिवाय भाचा आगाऊ पैसे पाठवणार नाही, एवढं ठरलंय. पाचपैकी अडीच तारे, तेही पंप आणि कपॅसिटरवाल्या कॅमेऱ्याच्या जोरावर.