सणाच्या रात्री: हॉट टॉडी की ओल्ड फॅशन्ड?
हॉट टॉडीला खास सामान लागत नाही. कपात ६० मिली व्हिस्की, चमचाभर मध, थोडा लिंबाचा रस, दोन लवंगा, दालचिनी. वरून गरम पाणी. व्हिस्की मात्र उकळू नका. अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतं, आणि वासही उडून जातो.

ओल्ड फॅशन्डमध्ये व्हिस्की चांगलीच हवी, कारण चव झाकायला दुसरं काही नाही. साखरेचा पाक, बिटर्सचे (मसाले-मुळ्यांच्या कडवट अर्काचे) दोन-तीन शिंतोडे, मोठा बर्फ. खरी मजा संत्र्याच्या सालीत: ग्लासवर ती दुमडून पिळली की तेलाचा बारीक फवारा उडतो आणि पहिल्या घोटाआधीच सुगंध येतो.

पाहुणे जास्त असतील तर मी ओल्ड फॅशन्डच निवडेन. बर्फाशिवाय बाटलीत आधीच करून ठेवता येतं. मोजकी माणसं आणि कडाक्याची थंडी असेल, तर मात्र टॉडीच.