लक्स मीटर, १७५० रुपये, तीन महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, हा उजेड मोजायचा मीटर मी हौसेनं घेतलेला नाही, घरातल्या भांडणापायी घेतलाय. आमची आई इचलकरंजीत गेली तीसेक वर्षं ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. तिच्या मशीनवर पत्र्याची टोपी असलेला ६० वॅटचा पिवळा गोळा वायरनं खाली लोंबकळत होता, तो मला दिसायला फार घाण वाटायचा. दिवाळीत रंगकाम झालं तेव्हा मी तो काढून टाकला, वायरमन बोलावून भिंतीवर वरती नवीन होल्डर बसवला आणि गल्लीच्या तोंडाच्या दुकानातनं १२ वॅटचा एलईडी आणून लावला. दुसऱ्या दिवसापासून आईचं सुरू, दिसत नाही म्हणून. मी म्हणलं अगं आई, १२ वॅट म्हणजे जुन्या १०० च्या गोळ्याएवढा उजेड, खोक्यावर लिहिलंय. तर म्हणते, "मग खोकंच लाव की वर."

तर तिला चूक ठरवायला मी ऑनलाइन लक्स मीटर मागवला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण हाच मीटर सात-आठ वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फक्त स्टिकर वेगळा. पिवळ्या-काळ्या रंगाचा, हातात मावणारा डबा, आणि त्याला लँडलाइनसारख्या गुंडाळ्या वायरनं जोडलेला वेगळा सेन्सर, ज्यावर पांढरी घुमटी आहे. खाली रेंज निवडायचा एक गोल खटका: २००, २०००, २०,०००, २,००,०००. एक होल्ड बटण. झालं.

सेन्सर वेगळा असलेलाच घ्या, हे पहिलं सांगणं. डब्यावरच सेन्सर असलेले स्वस्तातले मीटर येतात, त्यात आकडा बघायला वाकलात की तुमचीच सावली त्याच्यावर. मला तर नंतर कळलं की पांढरा शर्ट घालून जवळ उभं राहिलं तरी आकडा चार-पाचनं वाढतो.

आता हा मोजतो काय, ते आधी सांगतो कारण रिव्ह्यूमध्ये लोकांनी १ स्टार देऊन लिहिलंय की "बल्ब ९०० लुमेनचा आहे आणि मीटर १३० दाखवतो, बोगस माल". अहो दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. बल्बमधून सगळीकडे मिळून एकूण किती उजेड सुटतो ते लुमेन. त्यातला तुमच्या टेबलावर दर चौरस मीटरला किती पडला ते लक्स. नळाला पाणी किती सुटलं आणि तुमच्या घागरीत किती आलं, एवढाच फरक, इचलकरंजीकरांना तर हे समजवायची पण गरज नाही. आणि वॅट म्हणजे वीज किती खाल्ली ते, त्याचा उजेडाशी थेट संबंध नाही, जुन्या गोळ्यात ६० वॅटला ७०० च्या आसपास लुमेन मिळायचे, आता ९ वॅटला ९०० मिळतात. आपण सगळे जुन्या सवयीनं वॅटवर बल्ब घेतो आणि दुकानदारपण वॅटच सांगतो. खोक्यावर लुमेन लिहिलेले नसतील तर तो बल्ब ठेवा परत.

तिसरं एक कँडेला, म्हणजे एका ठराविक दिशेला उजेडाचा जोर किती. हे नाव मेणबत्तीवरूनच आलंय आणि ते नुसतं नाव नव्हतं, १८६० साली लंडनच्या गॅस कायद्यात खरोखरच एक मेणबत्ती ठरवली होती, देवमाशाच्या मेणाची, पौंडाला सहा बसतील अशी आणि तासाला १२० ग्रेन (म्हणजे आठेक ग्रॅम) जळणारी. गॅसबत्ती तिच्याशी ताडून बघायची. आता १९७९ पासून व्याख्या वेगळी आहे, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा जो हिरवट उजेड आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त दिसतो त्याच्या एका वॅटला (विजेचा नव्हे, उजेडाचाच वॅट) ६८३ लुमेन धरतात. म्हणजे मोजमाप मुळात माणसाच्या डोळ्याला धरूनच बांधलंय. रिमोटच्या टोकाचा एलईडी कितीही जोरात लागला तरी त्याचे लुमेन शून्यच, कारण तो आपल्याला दिसत नाही. मीटरच्या घुमटीखाली फोटोडायोडवर (उजेड पडला की वीज देणारा तुकडा) जी हिरवट काच असते ती याचसाठी, डायोडची नजर आपल्यासारखी करायला.

बरं, चाचणी. रात्री बाकीचे लाईट बंद करून, खिडकीला चादर लावून, टेपनं मोजून १ मीटरवर सेन्सर ठेवला, बल्बच्या अगदी नाकासमोर. आमचा १२ वॅटवाला: ९७ लक्स. मग बाजारातनं चांगल्या कंपनीचा ९ वॅटचा आणला, खोक्यावर ९०० लुमेन लिहिलेला: १३४ लक्स. १२ पेक्षा ९ जास्त! मी तीनदा बल्ब बदलून बघितला, तेच. १२ वॅटवाल्याच्या खोक्यावर लुमेनचा पत्ताच नव्हता हे तेव्हा लक्षात आलं. वर फोनच्या कॅमेऱ्यातनं बघितलं तर त्याच्या उजेडात पट्टे पळत होते, म्हणजे तो लुकलुकतोय, डोळ्याला कळत नाही इतकंच. हे मात्र मीटरला कळत नाही, तो सरासरी काढून मोकळा होतो.

मग जोर चढला म्हणून अडगळीतनं जुना ६० चा गोळा काढून लावला. ६१ लक्स. आता ९ वॅटवाला १३४ आणि हा ६१, म्हणजे दुपटीहून जास्त झाला की, पण लुमेन तर ९०० आणि ७००, हे कसं? इथं माझी अर्धी रात्र गेली. सेन्सर बल्बच्या समोरून काढून कडेला नेला, तेवढ्याच अंतरावर, तर ९ वॅटवाला आला ५८ वर! जुना गोळा चहूबाजूला सारखाच उजेड फेकतो, एलईडीचा पुढे जास्त आणि मागे बुडाकडे जवळपास नाहीच. म्हणजे एका जागेवरचा आकडा घेऊन बल्बचा एकूण उजेड कधीच काढता येत नाही. त्यासाठी लॅबमध्ये आतून पांढरा रंग दिलेला मोठा पोकळ गोल असतो, बल्ब आत ठेवायचा, उजेड सगळीकडून आपटून आपटून सारखा पसरतो आणि मग भिंतीवर एका ठिकाणी मोजला तरी चालतो. आपल्याला १७५० मध्ये एवढंच मिळतं, हे डोक्यात ठेवून घ्या.

अंतराचं मात्र हा मीटर झकास दाखवतो. शाळेत शिकलेला व्यस्त वर्गाचा नियम (अंतर निम्मं केलं की उजेड चौपट) कधी डोळ्यानं बघितला नव्हता. १ मीटरला १३४, अर्ध्या मीटरला ५१८, म्हणजे जवळपास चौपट. २ मीटरला ३३-३४ यायला पाहिजे होते, आले ४१, कारण आमच्या नव्या रंगवलेल्या भिंती उजेड परत टाकतात. रंगकामाचा तेवढा तरी फायदा.

मीटर खोटं बोलत नाही ना हे बघायचं होतं पण कॅलिब्रेशनला, म्हणजे लॅबमध्ये प्रमाण मापाशी ताडायला, पाठवायचं तर वेगळा खर्च, म्हणून एक जुनी युक्ती केली. बुन्सेन बर्नरवाल्या बुन्सेनची आहे, १८४० च्या दशकातली. कागदावर तेलाचा डाग पाडायचा आणि दोन दिव्यांच्या मधे धरायचा. ज्या बाजूला उजेड कमी त्या बाजूनं डाग उजळ दिसतो, जास्त असेल तिकडून काळपट, आणि दोन्हीकडून सारखा झाला की डाग गायब. आमच्याकडं संध्याकाळी आणलेल्या कांदाभज्यांचा कागद होताच, तोच घेतला (छापील बाजू नको, कोरा भाग बघा). दोन बल्ब २ मीटरवर समोरासमोर, आणि मी मधे भज्यांचा कागद धरून पुढंमागं, बायको दारातनं बघून गेली, काही बोलली नाही. एलईडीपासून ११८ सेंटीमीटर आणि जुन्या गोळ्यापासून ८२ वर डाग जवळपास दिसेनासा झाला. पूर्ण नाही, कारण एक पांढरा आणि एक पिवळा, रंग वेगळे असले की थोडं राहतंच. वर्ग करून भागाकार केला तर २.०७, आणि मीटरच्या हिशेबानं १३४ भागिले ६१ म्हणजे २.२. भज्याच्या कागदाला एवढं जमत असेल तर मीटरवर तुलनेपुरता विश्वास ठेवायला हरकत नाही. नेमका आकडा बरोबर आहे का, ते मी छातीठोक सांगणार नाही. खोक्यात "कॅलिब्रेटेड" असा स्टिकर आहे, त्यावर ना लॅबचं नाव ना तारीख, तो नुसता चिकटवलाय. शिवाय असे मीटर साधारण पिवळ्या गोळ्याच्या उजेडावर जुळवलेले असतात, एलईडीला थोडं इकडंतिकडं होणारच.

फोनचं ॲप चालतं का असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. माझ्या फोननं त्याच जागेवर २६० दाखवले, भावाच्या फोननं ९०. फोनचा सेन्सर स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायला दिलेला असतो, त्यावर घुमटी नाही, त्यामुळं तिरका येणारा उजेड त्याला नीट झेपत नाही. फुकट आहे म्हणून ठेवा, पण भांडण मिटवायला नको.

आता भांडणाचा निकाल. मशीनच्या सुईखाली सेन्सर ठेवला. भिंतीवरचा १२ वॅट आणि खोलीची ट्यूब मिळून ७४ लक्स. आई नेहमीसारखी बसली, वाकली, तिच्या डोक्याची सावली पडली: ४१. मग जुना लोंबता गोळा टोपीसकट परत टांगला, सुईपासून ६० सेंटीमीटरवर, जसा होता तसा: ३१०. म्हणजे मी आईचा उजेड ३१० वरून ७४ वर आणून ठेवला होता आणि वर तिलाच शिकवत होतो. आई काही बोलली नाही, नुसती हसली, ते जास्त लागलं. ऑफिसच्या टेबलाला ३०० ते ५०० धरतात आणि युरोपच्या मानकात शिलाईकामाला ७५० लक्स दिलेत. त्यात साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो असं म्हणतात, म्हणजे मला जिथं लख्ख वाटतं तिथं तिला संध्याकाळ.

त्याच पत्र्याच्या टोपीत ९ वॅटचा लावला, वायर अजून थोडी खाली सोडली, ४५ सेंटीमीटर. ८६० लक्स! मी खूश. आईनं काळा ब्लाऊजपीस काढला, काळा दोरा, हातशिलाई उसवायला घेतली आणि म्हणाली, "ह्यात पण नाही दिसत रे." मीटर तिथंच, ८६०. पांढऱ्या अस्तरावर ८६०, काळ्या कापडावर पण ८६०. आणि इथं मीटरची मर्यादा आली, कारण तो पडणारा उजेड मोजतो, डोळ्याकडं परत येणारा नाही. पांढरं कापड पडलेल्यातला बहुतेक परत टाकतं, काळं शंभरातला पाच-सात. परत येणारा उजेड मोजायचं यंत्र वेगळं आणि ते आपल्या खिशातलं नाही (टीव्ही-मोबाईलच्या जाहिरातीत जे निट्स लिहितात ते हेच माप). उपाय शेवटी आईनंच काढला, टोपी डावीकडं कलंडवून उजेड कापडाला घासून जाईल असा केला. प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडायला लागली आणि दोरा दिसायला लागला. मी सेन्सर ठेवला तर आकडा ५४०. कमी झाला होता!

बाकी तक्रारी पटापट सांगतो. डिस्प्लेला मागून लाईट नाही, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र अंधारात वाचायला टॉर्च लागतो आणि टॉर्च लावला की रीडिंग बिघडतं, होल्ड दाबून बाहेर जाऊन वाचायचं. रेंज खटक्यानं बदलावी लागते, जास्त झालं की डावीकडं नुसता "१" येतो, ते बंद पडलं समजू नका. सेन्सरवर टोपण लावल्यावर शून्य यायला पाहिजे, माझ्यात ०.२ राहतं, त्यामुळं चांदण्याची मोजणी विसरा, पौर्णिमेचा उजेडच पाव लक्सच्या आसपास असतो. टॉर्चच्या खोक्यावर "२०० मीटर" लिहितात ते पण याच पाव लक्सच्या हिशेबानं, म्हणजे तेवढ्या लांब चांदण्याइतका उजेड पडतो एवढंच, चोर ओळखू येईल असं नव्हे. गच्चीवर एप्रिलच्या भर दुपारी मात्र मस्त चालला, १ लाख ४ हजार दाखवले, आणि लगेच खाली आमच्या हॉलमध्ये १६०, डोळ्याला एवढा फरक कधी वाटलाच नव्हता.

कुणी घ्यावा: शिलाई, दागिने, घड्याळदुरुस्ती, अभ्यासाची खोली, दुकानाची शोकेस असलं काही असेल आणि दोन जागा किंवा दोन बल्ब ताडून बघायचे असतील तर घ्या, पैसे वसूल. कंपनीच्या ऑडिटला आकडा लिहून द्यायचा असेल तर हा नको, सर्टिफिकेट असलेलाच घ्या. माझ्याकडनं ५ पैकी साडेतीन, अर्धा स्टार त्या गुंडाळ्या वायरचा.

१२ वॅटचा बल्ब दुकानदारानं परत घेतला नाही, तो आता जिन्यात आहे. आणि मीटरबरोबर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी एक जादा मागवा, खोक्यातली माझी अकराव्या दिवशी गेली.