डावं-उजवं करून पाहिलेली तीन कॉलेजं

लेकीच्या यादीतली अमेरिकेतली तीन लिबरल आर्ट्स कॉलेजं (एकाच विषयात न अडकवता सगळ्या विषयांचं शिक्षण देणारी छोटी कॉलेजं) आम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहिली: पेनसिल्व्हेनियातलं हॅवरफर्ड, ओहायोतलं ओबरलिन आणि कॅलिफोर्नियातलं क्लेरमाँट मकेना. अभ्यासात डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं, खर्चही तिन्हीकडे सारखाच डोळे पांढरे करणारा. फरक होता तो तिथल्या हवेत, म्हणजे राजकीय कल कुठला आणि वाद कसे घालतात यात. पैसे मोजून नेमलेल्या सल्लागाराने तिघांपुढे एकेक शब्द लिहून दिला होता: शांत, डावं, मध्यम. त्या तीन शब्दांची फी आठवली की अजून पोटात दुखतं.

आधी ओबरलिन. 1835 पासून इथे कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतात आणि 1837 पासून मुली पदवीला बसू लागल्या, हा अभिमान पहिल्या दहा मिनिटांतच कानावर येतो, आणि तो खराही आहे. जेवायला आम्ही विद्यार्थ्यांच्या को-ऑपमध्ये गेलो. स्वयंपाक, भांडी, खरेदी सगळं मुलंच बघतात. टेबलावर अर्धा तास वाद चालला होता की मध विकत आणायचा की नाही. लेक ताटातली मसूर तशीच ठेवून ऐकत बसली. मला मात्र गावातली बेकरी आठवत होती. 2016 मध्ये तिथे चोरीवरून झटापट झाली, विद्यार्थ्यांनी दुकानावर वर्णद्वेषाचा आरोप करत निदर्शनं केली, बेकरीवाले कोर्टात गेले. बदनामीत कॉलेजचाही हात होता असं 2019 मध्ये ज्यूरीने ठरवलं आणि 2022 मध्ये कॉलेजने साडेतीन कोटी डॉलरच्या वर भरले. मुलांनी तावातावाने बोलावं, तेच वय आहे. पण अशा वेळी मोठ्यांनी काय केलं, हे कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

हॅवरफर्ड क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी 1833 मध्ये काढलेलं. परीक्षेला पर्यवेक्षक नसतो आणि ऑनर कोड (प्रामाणिक वागण्याची विद्यार्थ्यांचीच नियमावली) टिकवायचा की नाही हे मुलंच सभा भरवून ठरवतात. मला हे फार आवडलं. पण विद्यार्थी जेमतेम चौदाशे. सकाळी वर्गात ज्याच्याशी हमरीतुमरी झाली, संध्याकाळी ताट घेऊन त्याच्यासमोरच बसायचं. त्यामुळे माणूस शब्द तोलून बोलतो, असं मला वाटलं. लेकीचं मत वेगळं: "आई, तोलून नाही गं, गिळून."

क्लेरमाँट मकेनाबद्दल मी मनात अढी धरून गेले होते, कारण त्याची ख्याती अर्थशास्त्र आणि सरकारी कारभार शिकवणारं, त्यातल्या त्यात उजवीकडे झुकलेलं कॉलेज अशी. तिथलं ॲथेनियम ही खरी बघायची जागा. टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलांवर रात्रीचं जेवण, मग पाहुण्यांचं भाषण, मग मुलांचे प्रश्न. 2017 मध्ये पोलिसांची बाजू मांडणाऱ्या हेदर मॅक डोनाल्ड यांच्या भाषणाला निदर्शकांनी दारं अडवली, तेव्हा जवळजवळ रिकाम्या सभागृहातून ते ऑनलाइन दाखवलं गेलं आणि नंतर काही विद्यार्थ्यांचं निलंबन झालं. शिक्षा कडक होती की योग्य, यावर आमच्या गाडीत विमानतळापर्यंत भांडण झालं. नवरा म्हणे योग्य, लेक म्हणे अती. पण भाषण झालं आणि नियम मोडल्याची किंमतही ठरली, एवढं दोघांनाही मान्य होतं.

आणखी एक गोष्ट सल्लागाराच्या 'मध्यम'मध्ये कुठेच नव्हती. क्लेरमाँटला पाच कॉलेजं एकमेकांना चिकटून आहेत. मुलं एकमेकांच्या वर्गात बसतात, एकमेकांच्या डायनिंग हॉलमध्ये जेवतात. चळवळ्या म्हणून ओळखलं जाणारं पिट्झर चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे एकाच कॉलेजची हवा नाकात बसण्याची भीती नाही.

लेकीने तिथेच अर्ज केलाय. "वाद घालायला मकेना, जेवायला पिट्झर," म्हणाली. हॅवरफर्डचा फॉर्मही भरून ठेवायला लावलाय मी. गिळायलाही कधीतरी शिकावं लागतंच, पण हे तिला अजून बोलले नाही.