कॉम्प्युटर रिपेअर, राजारामपुरी: काम नाद खुळा, पार्किंगचं तेवढं बघा

घरचा पीसी आठवडाभर रुसला होता, बटण दाबलं की फॅन फिरतोय, लाईट लागतीय पण स्क्रीन काळी आणि आतनं नुसतं बीप बीप. आधी एका ठिकाणी नेला तर त्यांनी न उघडताच मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला म्हणून सांगितलं, सहा हजार! मग मित्रानं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या बोळातल्या दुकानात पाठवलं.

इथल्या दादांनी माझ्यासमोरच कॅबिनेट उघडलं, आत धूळ इतकी की विचारू नका, दोन्ही रॅम (मेमरीच्या पट्ट्या) काढल्या, सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर घासलं, कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबून बसवल्या आणि डिस्प्ले आला राव! पण तारीख दाखवतोय २०१४ ची आणि एफ१ दाबा म्हणतोय. मग कळलं की बोर्डावरचा तो गोल सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो, तो उतरलाय, म्हणून प्लग काढला की घड्याळ मागं जातंय. आणि तारीख चुकली की वेबसाईट पण सुरक्षित नाही म्हणून उघडत नाहीत, मी आपला पीसी रुसायच्या आधी महिनाभर वायफायवाल्याला शिव्या घालत होतो 😅

सेल धरून अडीचशे घेतले फक्त. बिल मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि संध्याकाळी गेलात तर तासभर थांबायची तयारी ठेवा, गाडी लावायला तर जागाच नाही. मॉनिटर नेऊ नका, नुसतं कॅबिनेट न्या.