बीओएस का चालली नाही, ते हायकू वापरल्यावर कळतं

नागपूरच्या सीताबर्डीत मिळणाऱ्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर काही महिने हायकू वापरल्यानंतरचा हा अनुभव. बीओएस ही बी नावाच्या कंपनीची नव्वदच्या दशकातली ऑपरेटिंग सिस्टिम; स्वयंसेवकांनी २००१ पासून नव्याने लिहिलेली बीओएस म्हणजे हायकू.

वेगाबद्दल तक्रारच नाही. प्रत्येक विंडोला स्वतंत्र थ्रेड (कामाचा वेगळा धागा) असल्याने एक विंडो अडली तरी बाकीच्या चालू राहतात. खरी मजा फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीची. बिलाच्या फाइललाच 'ग्राहक', 'थकबाकी' असे रकाने जोडा आणि डेटाबेससारखं शोधा. मात्र त्या रकान्याची शोधसूची (इंडेक्स) बनवणारी 'एमकेइंडेक्स' ही कमांड आधी चालवा. इंडेक्स बनण्याआधीच्या फाइली शोधात येत नाहीत, त्यांच्यासाठी 'रीइंडेक्स' लागतं. एफएटी३२ पेनड्राइव्हवर रकाने गळतात, झिप करून न्या. वीज गेली तर जर्नलमुळे (डिस्कवरच्या बदलांच्या नोंदीमुळे) डिस्क सहसा सावरते; सेव्ह न केलेलं गेलंच समजा.

इन्स्टॉल करताना सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद करा. स्क्रीन काळी राहिली तर सुरू होतानाच स्पेसबार दाबत राहा आणि फेल-सेफ ग्राफिक्स (साधा, सुरक्षित डिस्प्ले) निवडा. युईएफआय (बायोसच्या जागी आलेली व्यवस्था) असलेल्या मशीनवर शेवटी लोडरची, म्हणजे सिस्टिम सुरू करणारी फाइल डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये हाताने टाकावी लागू शकते. नवखा माणूस इथेच हात टेकतो.

बीओएसचंही घोडं बूटपाशीच अडलं होतं. हिताचीने फ्लोरा प्रियस संगणकात ती घालून दिली, पण बूट मेनूत तिचं नाव नव्हतं! मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमुळे उत्पादक दुसरी सिस्टिम दाखवू शकत नाहीत, असा बी कंपनीचा आरोप होता. २००२ च्या खटल्यात २००३ साली २ कोटी ३२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता. तोवर बी कंपनीची मालमत्ता १.१ कोटी डॉलरला हातात मावणारे संगणक बनवणाऱ्या पाम कंपनीकडे गेली होती. त्याआधी १९९६ साली ॲपलनेही बी कंपनी विकत घेण्याचा विचार सोडून स्टीव्ह जॉब्सची नेक्स्ट कंपनी घेतली.

तरी सगळं खापर मायक्रोसॉफ्टवर फोडण्यात अर्थ नाही. बीओएसवर एमएस ऑफिस नव्हतं, ड्रायव्हर मोजके, नेटवर्किंग कमकुवत. घरगुती गिऱ्हाईक कशासाठी घेणार?

हायकूतही तेच दुखणं आहे. ग्राफिक्स कार्डाचा वेग मिळत नाही, त्यामुळे व्हिडिओचा भार प्रोसेसरवर. मूळ प्रोग्रामांत देवनागरी जुळत नाही: 'कि' लिहिलं की वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. मराठी बिलं लिब्रेऑफिसमध्येच करा, तिथे अक्षरं नीट येतात. प्रिंटर ओळखला नाही तर पीडीएफ करून दुसऱ्या मशीनवरून छापा.