पॅकेज कुठे सांभाळावे: डेबियन, फेडोरा की आर्च?

एखादा प्रोग्राम पहिल्यांदा पॅकेजमध्ये, म्हणजे सहज बसवता येईल अशा गठ्ठ्यात, बांधणे हे दोन-तीन संध्याकाळचे काम असते; त्यानंतर मूळ प्रकल्पाची प्रत्येक नवी आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवत राहणे हे मात्र काही वर्षांचे काम असते. डेबियन, फेडोरा किंवा आर्च यांपैकी कोणत्या लिनक्स वितरणात (लिनक्स प्रणाली आणि तिचे प्रोग्राम एकत्र पुरवणाऱ्या प्रकल्पात) स्वयंसेवक म्हणून जावे हे ठरवताना पहिल्या कामाची सोय पाहिली जाते आणि दमछाक दुसऱ्या कामात होते. म्हणून या तुलनेत भर दोनच प्रश्नांवर आहे: नवी आवृत्ती आली की नेमके काय करावे लागते, आणि सांभाळणारा काही महिने फिरकलाच नाही तर पॅकेजचे काय होते.

प्रवेश सर्वांत सोपा आर्चच्या वापरकर्ता रेपॉझिटरीत, म्हणजे वापरणाऱ्यांनीच भरलेल्या पॅकेजांच्या साठ्यात (एयूआरमध्ये) आहे. खाते उघडून एसएसएच की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) नोंदवली की पॅकेज त्याच दिवशी चढवता येते. आधी कोणी तपासत नाही. पीकेजीबिल्ड नावाच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये स्रोत कुठून घ्यायचा, त्याचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा आकडा) काय आणि बांधणी कशी करायची एवढे लिहायचे असते, आणि प्रत्यक्ष बांधणी वापरणाऱ्याच्या संगणकावर होते. नवी आवृत्ती आली की आवृत्तीचा आकडा आणि चेकसम बदलून, बांधून पाहून बदल पाठवायचा. अनेकदा दहा मिनिटांत काम संपते. उशीर झाला तर वापरणारेच पॅकेजवर ‘जुने झाले’ अशी खूण करतात, आणि दोन आठवडे उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या कोणालाही ते मागून घेता येते. हीच मोकळीक धोक्याचीही आहे. जुलै 2018 मध्ये अनाथ झालेले (कोणी सांभाळत नसलेले) एक पॅकेज दत्तक घेऊन त्यात घातक कोड घालण्यात आला होता, आणि जुलै 2025 मध्ये ब्राउझरच्या नावांशी साधर्म्य असलेली काही पॅकेजे संगणकाचा दूरस्थ ताबा मिळवणाऱ्या ट्रोजन या घातक प्रोग्राममुळे काढून टाकावी लागली. आर्चच्या अधिकृत रेपॉझिटरी वेगळ्या असून त्या मतदानाने निवडलेले मोजके लोक सांभाळतात, हे नवख्याच्या बरेचदा लक्षात येत नाही.

डेबियनमध्ये सगळे याच्या उलट आहे. आधी आपला हेतू जाहीर करायचा, मग आपल्या वतीने पॅकेज चढवणारा प्रायोजक शोधायचा, आणि नंतर नव्या पॅकेजांच्या रांगेत थांबायचे, जिथे परवान्यांची नोंद बारकाईने तपासली जाते. इथे अनेकांचा धीर सुटतो. एकदा आत गेल्यावर अद्ययावतीकरणाची वाट मात्र आखीव आहे: नवी आवृत्ती अस्थिर शाखेत (वितरणाच्या सतत बदलणाऱ्या प्रतीत) जाते, निकडीनुसार साधारण 2, 5 किंवा 10 दिवस थांबते आणि नवा गंभीर बग निघाला नाही तर चाचणी शाखेत उतरते. चाचणी शाखेतूनच पुढे स्थिर आवृत्ती निघते: जून 2023 मध्ये डेबियन 12 आणि ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 प्रकाशित झाले. अशा स्थिर आवृत्तीत नंतर सहसा नव्या सुविधा येत नाहीत, तर सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्या कोडवर बसवावी लागते. माझ्या मते पॅकेजिंगमधले सर्वांत कसबाचे काम हेच, आणि चूक महागात पडते तीही इथेच. स्मृती तपासणाऱ्या साधनाचे इशारे बंद व्हावेत म्हणून 2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजमधून दोन ओळी काढल्या गेल्या, आणि त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्याचे मे 2008 मध्ये उघड झाले. मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) गैरहजर असेल तर इतर डेव्हलपर ठरलेल्या पद्धतीने दुरुस्ती चढवू शकतात, आणि बरीच पॅकेजे मुळातच गटाने सांभाळली जातात.

फेडोरा या दोहोंच्या मध्ये आहे, पण तिथली लय काटेकोर आहे. स्पेक फाइल (पॅकेज बांधण्याच्या सूचनांची फाइल) लिहून परीक्षणाला द्यावी लागते आणि पहिल्या वेळी प्रायोजक लागतोच. वितरण साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे 13 महिने आधार मिळतो, त्यामुळे एकाच पॅकेजच्या किमान तीन शाखा सांभाळणे नेहमीचेच. मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती काढली की देखरेख यंत्रणा आपोआप बग नोंदवते. बोधी या व्यवस्थेत परीक्षकांचे पुरेसे कौल मिळाले किंवा ठरलेले दिवस गेले की अद्ययावत पॅकेज पुढे सरकते. अनाथ पॅकेज सहा आठवड्यांत कोणी घेतले नाही तर निवृत्त केले जाते. हा नियम निष्ठुर वाटतो, पण बेवारस पॅकेज लोकांच्या संगणकांवर वर्षानुवर्षे पडून राहण्यापेक्षा तो प्रामाणिक आहे.

संथपणा म्हणजेच सुरक्षितता, असे मात्र समजू नये. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनातील चोरवाट (गुपचूप प्रवेश देणारा कोड) उघडकीस आली, तेव्हा बिघडलेली आवृत्ती डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत, फेडोराच्या विकास शाखेत आणि आर्चमध्येही पोहोचली होती. डेबियनची स्थिर शाखा त्यातून वाचली. पण एसएसएच सर्व्हर (दुरून संगणकात प्रवेश देणारा प्रोग्राम) एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडला गेला होता तो डेबियन आणि फेडोरा यांनी सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेसाठी लावलेल्या पॅचमुळे (मूळ कोडमधील बदलामुळे). मूळ कोडला शक्यतो हात न लावणाऱ्या आर्चमध्ये तो दुवाच नव्हता.

या तिघांपलीकडे, निक्स प्रकल्पाच्या निक्सपीकेजीएस या पॅकेजसंग्रहात आवृत्ती वाढवण्याचे प्रस्ताव बऱ्याचदा बॉटच (आपोआप चालणारा प्रोग्राम) मांडतो, त्यामुळे तिथे लिहिण्यापेक्षा तपासणाऱ्यांची गरज जास्त आहे. हायकूसारख्या लिनक्सबाहेरच्या छोट्या प्रणालीत पॅकेजिंग म्हणजे बऱ्याचदा प्रोग्राम तिथे चालेल असा करून घेणे असते; सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंग भाषा आवडणाऱ्याने तिकडे जरूर वळावे.

ज्यांचा वेळ अनियमित आहे त्यांनी डेबियनमधील एखाद्या गटात जावे. तिथे एकाची गैरहजेरी सर्वांत कमी जाणवते. दर आठवड्याला तासभर नक्की देता येत असेल तर फेडोरा अधिक शिकवेल. स्वतःला हवा असलेला प्रोग्राम इतरांनाही मिळावा एवढाच हेतू असेल तर एयूआर पुरे, फक्त वापर थांबला की पॅकेज रीतसर सोडून द्यावे. कुठेही गेलात तरी नवे पॅकेज करण्याआधी अनाथ पॅकेजांची यादी पाहावी. तिन्ही ठिकाणी ती उघड असते, आणि आपण रोज वापरतो तोच एखादा प्रोग्राम तिच्यात सापडण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त असते.